विश्लेषण : पट्टकदंबांची सावड विमानांना जमेल का?

जायकवाडीच्या फुगवट्यावर, शेवगाव आणि नेवासे तालुक्यांच्या कडेला, दर हिवाळ्यात पट्टकदंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया आणि तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून येतात. कोवळ्या हरभऱ्यावर त्यांचा थवा उतरला की शेतकरी वैतागतो, पक्षीनिरीक्षक मात्र कॅमेरा सावरतो. पाण्यावरून उठून हा थवा लांब निघाला की त्याची रांग बाणाच्या टोकासारखी होते. एक पुढे, बाकीचे दोन्ही अंगांनी तिरके मागे. करकोचेही असेच उडतात.

त्याच आकाशात, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून, प्रवासी विमाने जातात. प्रत्येक एकटे. दोन विमाने एकमेकांपासून जितकी दूर तितकी सुरक्षित, हा नागरी हवाई वाहतुकीचा पाया आहे. पण पक्ष्यांसारखे जोडीने उडाल्यास मागच्या विमानाचे इंधन वाचते, हे आता नुसत्या कागदावरचे गणित राहिलेले नाही. ते प्रत्यक्ष उड्डाणात मोजले गेले आहे. भारताने या कामात अजून हात घातलेला नाही. तो घालायला हवा, आणि त्यामागचे एक कारण उसाच्या फडात सापडते.

बाणाच्या आकारात फायदा कसला?

पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून विमान वर राहते. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. पंखाच्या टोकाशी ही खालची हवा वळसा घेऊन वरच्या बाजूला निसटते आणि भोवरा तयार होतो. चैत्र-वैशाखात मोकळ्या रानात वावटळ उठते. ती आडवी पाडून विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांना बांधली आहे, अशी कल्पना करावी. विमान पुढे जाते आणि हे दोन अदृश्य भोवरे मागे कित्येक किलोमीटर रेंगाळत राहतात.

या भोवऱ्यांमध्ये, म्हणजे विमानाच्या बरोब्बर मागे, हवा खाली जात असते. पण भोवऱ्यांच्या बाहेरच्या अंगाला ती वर चढत असते. मागच्या पक्ष्याने किंवा विमानाने आपला पंख नेमका त्या चढत्या हवेत ठेवला, तर त्याला थोडे उतारावरून चालल्यासारखे होते. तेवढीच उचल मिळवायला इंजिनाला कमी जोर लावावा लागतो. पुढच्याने हवेत टाकून दिलेली ऊर्जा मागचा उचलतो. पुढच्याचे त्यात काही जात नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. एसटीच्या मागे सायकल दामटणाऱ्या पोराला वारा लागत नाही, तसाच हा प्रकार असावा असे अनेकांना वाटते. तो प्रकार वेगळा. सायकलवाल्याला आडोसा मिळतो, म्हणून त्याने बरोब्बर मागे राहायचे असते. विमानाने बरोब्बर मागे राहणे म्हणजे खाली ढकलणाऱ्या हवेत शिरणे. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर किंवा नगरजवळच्या खांडक्याला पवनचक्क्या पाहिल्या की हे पटते. त्या एकमेकींपासून दूर उभ्या केलेल्या असतात, कारण पुढच्या चक्कीने पिळून काढलेला वारा मागचीच्या वाट्याला आला तर तिची वीज घटते. जागा चुकली की मागे असणे तोट्याचे, आणि काही मीटर बाजूला सरकले की फायद्याचे. सगळा खेळ त्या काही मीटरांचा आहे.

हे केवळ पुस्तकी आहे का?

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वीझेल्सबेर्गर यांनी १९१४ सालीच पक्ष्यांच्या बाणाकृती रांगेचे कारण चढत्या हवेत असल्याचे मांडले होते. १९७० साली लिसामन आणि शोलेनबर्गर यांनी गणित करून दाखवले की पंचवीस पक्षी नीट रांगेत उडाले, तर एकट्या पक्ष्यापेक्षा सुमारे ७० टक्के जास्त अंतर कापू शकतील. हे सैद्धांतिक टोक होते. प्रत्यक्ष पक्ष्यांनी इतके दिले नाही. २००१ साली पाणकोळ्यांच्या अंगावर यंत्रे लावून हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा एकट्याने उडण्यापेक्षा रांगेत उडताना ते ११ ते १४ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले.

विमानांचीही तीच गोष्ट. ‘नासा’ने २००१ च्या सुमारास दोन एफ/ए-१८ लढाऊ विमाने जोडीने उडवली, मागच्याचे इंधन १२ टक्क्यांहून अधिक वाचले. पुढे अमेरिकी हवाई दलाने सी-१७ या अवजड मालवाहू विमानांवर प्रयोग केले. तिथे अंतर सुमारे एक किलोमीटर ठेवले होते आणि बचत सात-आठ टक्क्यांच्या घरात आली. अंतर वाढले की बचत घटते, पण जोखीमही घटते.

प्रवासी विमानांच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस ९ नोव्हेंबर २०२१. ‘एअरबस’ने आपली दोन ए-३५० विमाने फ्रान्समधील तुलूझहून कॅनडातील माँट्रियलला नेली. अटलांटिकवर मागचे विमान पुढच्याच्या तीन किलोमीटर मागे, किंचित बाजूला, स्वयंचलित नियंत्रणाखाली उडत राहिले. वैमानिकाने हाताने इतका वेळ नेमकी जागा धरून ठेवणे शक्यच नाही, ते काम संगणकाचे. या एका फेरीत सहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला आणि लांब पल्ल्यावर पाच टक्क्यांहून अधिक इंधन वाचू शकते, असा कंपनीचा निष्कर्ष निघाला.

सहा टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे किती? एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे सहा टनांमागे जवळपास १९०० किलो इंधन, लिटरमध्ये पावणेचोवीसशेच्या आसपास. तासाला पाच लिटर डिझेल पिणारा ट्रॅक्टर धरला, तर पावणेपाचशे तासांची नांगरट. एका विमानाच्या एका फेरीत, केवळ जागा बदलून.

मग सगळी विमाने आजच जोडीने का उडत नाहीत?

कारण भोवरा हा दुधारी आहे. ७ जानेवारी २०१७ रोजी अरबी समुद्रावर एका छोट्या चॅलेंजर खासगी जेटच्या वरून, समोरून येणारे महाकाय ए-३८० विमान तीनशे मीटर उंचीचे नियमानुसारचे अंतर राखून गेले. थोड्याच वेळात त्याचा खाली उतरत आलेला भोवरा छोट्या विमानाला लागला. ते हवेत गरागरा पलटले, सुमारे नऊ हजार फूट खाली आले, आतले प्रवासी जखमी झाले. वैमानिकांनी कसेबसे सावरून मस्कतला उतरवले खरे, पण ते विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. हा अपघात जोडीने उडण्यामुळे झालेला नव्हता. उलट, भोवरा कुठे आहे हे छोट्या विमानाला ठाऊकच नव्हते म्हणून झाला. जोडीने उडताना मागच्या विमानाला ते अचूक ठाऊक असावे लागते. हा मुख्य फरक आहे, आणि तो संगणकाने प्रत्येक क्षणाला, वारा कसाही फिरला तरी, सांभाळला पाहिजे. प्रवाशांच्या मनातली धास्ती म्हणूनच निराधार म्हणता येणार नाही. ती प्रयोगांनीच जाईल, जाहिरातींनी नव्हे.

दुसरी अडचण भेटीची. दोन वेगळ्या शहरांतून सुटलेली विमाने हजारो किलोमीटरवर एकाच ठिकाणी, एकाच मिनिटाला पोहोचली पाहिजेत. ए-३५० सारखे विमान तासाला साधारण सहा टन इंधन जाळते. जोडीदाराची वाट पाहत ते हवेत दहा मिनिटे घिरट्या घालत राहिले, तर एक टन इंधन तिथेच संपले. समजा, नऊ तासांच्या प्रवासात जोडी सहा तास टिकली, तर पाच टक्क्यांनी बचत होते १.८ टन. म्हणजे वीस मिनिटांच्या उशिराने सगळी कमाई पुसली जाते. म्हणूनच २०२५ च्या शरद ऋतूत उत्तर अटलांटिकवर झालेल्या चाचण्यांत भोवऱ्याला हातच लावला नाही. एअर फ्रान्स, डेल्टा, फ्रेंच बी आणि व्हर्जिन अटलांटिक यांची विमाने फक्त ठरल्या बिंदूवर ठरल्या वेळी, वर-खाली नेहमीचे अंतर राखून, आणता येतात का एवढेच पाहिले गेले. ते जमले. युरोपातील या प्रकल्पाचे नाव ‘गीझ’, म्हणजे हंसच. नाव ठेवणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे.

तिसरी अडचण मात्र यंत्राची नाही, माणसांची आहे. पुढच्या विमानाला काय मिळते? काहीच नाही. बचत सगळी मागच्याची. मग पुढे राहायचे कोणी, आणि का?

पक्षी हा हिशेब कसा मिटवतात?

नगर जिल्ह्यातल्या जुन्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवतो. आज तुझे रान, उद्या माझे. याला सावड म्हणतात. सावडीत पैसे फिरत नाहीत, पाळी फिरते. आणि आपली पाळी झाली की जो तोंड फिरवतो, त्याला पुढच्या पेरणीला कोणी बैल देत नाही.

आयबिस पक्ष्यांच्या थव्यावर युरोपात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास हेच दिसले. प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवर स्थान नोंदवणारे यंत्र होते. जो पक्षी जितका वेळ दुसऱ्याच्या मागे फायदा घेई, तितकाच वेळ तो पुढे राहून फायदा देई. जोड्याजोड्यांमध्ये पाळ्या वारंवार बदलत होत्या. म्हातारा नेता पुढे आणि बाकी मागे, अशी जी गोष्ट सांगितली जाते, ती इथे दिसली नाही. पट्टकदंबांबाबत इतका बारीक हिशेब कोणी मांडलेला नाही, पण थव्यात पुढचा पक्षी बदलताना डोळ्यांनी दिसतो.

विमान कंपन्यांना ही सावड जमेल? एकाच कंपनीची दोन विमाने असतील तर प्रश्नच नाही, दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या असतील तर हिशेब लिहावा लागेल : वाचलेल्या इंधनाचा अर्धा पैसा पुढच्याला, किंवा आज तू पुढे, उद्या मी. अवघड आहे, अशक्य नाही. एकमेकांच्या प्रवाशांना आपल्या विमानात बसवून त्याचे पैसे आपसात वळते करण्याचे काम या कंपन्या कित्येक वर्षे करतच आहेत.

यात उसाचा संबंध कुठे येतो?

विमानाच्या इंधनाला हिरवा पर्याय म्हणून सध्या शाश्वत विमान-इंधनाचा गाजावाजा आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एअर एशिया इंडियाचे एक विमान देशी कच्च्या मालापासून बनवलेले असे इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळून गेले. पुण्याच्याच ‘प्राज’ कंपनीचा त्यात पुढाकार होता. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे, २०३० साठी पाच टक्क्यांची भाषा सुरू आहे. हे इंधन इथेनॉलपासूनही करता येते. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखानदारी जिथे उभी राहिली, त्या जिल्ह्यात ही बातमी कान टवकारून ऐकली जाणार, हे उघड आहे.

कान टवकारावेत, पण विहिरीतही डोकावावे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, पाऊस कमी आणि साखर कमी म्हणून, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने घातली. गाळप ऐन भरात असलेल्या कारखान्यांचे नियोजन कोलमडले. त्याच्या महिनाभर आधीच मुळा आणि भंडारदऱ्यातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर आणि मराठवाडा समोरासमोर आले होते. ज्या पाण्यावर पट्टकदंब उतरतात, त्याच पाण्याच्या वाटणीचा हा वाद. उसापासून विमानाचे इंधन करायचे, तर त्याचा पहिला थेंब पाटाच्या पाण्यातून येतो.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाच टक्के मिश्रण, आणि पाच टक्के बचत. तुलना तंतोतंत नाही. बचत फक्त मागच्या विमानाची, म्हणजे जोडीमागे निम्मीच पडते, आणि तीही केवळ लांब पल्ल्यावर. मिश्रण मात्र प्रत्येक टाकीत होऊ शकते. तरीही बचतीला ना ऊस लागतो, ना पाणी, ना नवा कारखाना. जळालेच नाही ते इंधन बनवावे लागत नाही. एकाऐवजी दुसरे, असा हा वाद नाही. पण मिश्रणासाठी उद्दिष्टे, समित्या आणि तारखा आहेत. बचतीच्या या मार्गासाठी भारतात यातले काहीच नाही. हे उलटे झाले आहे. जे स्वस्त, ते आधी करायला हवे होते.

हवामानाचा लाभ तर इंधनापेक्षाही मोठा असू शकतो. विमानांमागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा, विशेषतः रात्री, पृथ्वीची उष्णता अडवून धरतात. दोन विमाने एकाच पट्ट्यातून गेली की त्या रेषांचे क्षेत्र दुप्पट होत नाही. जर्मनीच्या ‘डीएलआर’ या अवकाश संशोधन संस्थेच्या अभ्यासात हा फायदा इंधनबचतीच्या टक्केवारीपेक्षा बराच जास्त निघाला आहे.

शिर्डीच्या विमानतळाला याचा उपयोग?

थेट काहीही नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या काकडीच्या विमानतळावरून उडणारी विमाने बहुतेक तास-दोन तासांची. वर चढेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. त्यात जोडीदार शोधणे म्हणजे लग्नाला निघताना वाटेत घर बांधायला घेणे. त्यांची बचत सरळ मार्ग, कमी घिरट्या आणि इंजिन सुरू ठेवून धावपट्टीकडे जाण्याचा वेळ कमी करणे, यातच आहे.

मग भारताने करायचे तरी काय?

जोडीने उडायला लागणारी विमाने आता भारतातही आली आहेत. एअर इंडियाने जानेवारी २०२४ पासून ए-३५० उडवायला सुरुवात केली आणि इंडिगोनेही एप्रिल २०२४ मध्ये त्याच जातीची तीस विमाने मागवली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यानंतर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या वाट्याला लांबचा वळसा आणि जादा इंधन आले. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वाढत्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई करण्याची ‘कोर्सिया’ ही योजना भारतीय कंपन्यांनाही लागू होत आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमान-इंधनावरचा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा कंपन्यांना दिलासा मिळाला, पण तो राज्याच्या तिजोरीतून. लिटरमागचा कर कमी करणे एक, लिटरच कमी करणे दुसरे.

तरीही पश्चिमेकडचा मार्ग सुरुवातीला योग्य नाही. तिथे दर तासाला देश बदलतो, मध्ये युद्धाचे पट्टे आहेत आणि हद्दी कधी बंद होतील याचा नेम नाही. अटलांटिकची सोय अशी की समुद्र मोठा आणि नियंत्रण कक्ष मोजके. तशी जागा भारताकडे आहे. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागराच्या फार मोठ्या पट्ट्यावरील विमानांचे नियंत्रण मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याहून भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. आखातातून ऑस्ट्रेलियाकडे आणि आग्नेय आशियाकडे जाणारी परदेशी लांब पल्ल्याची विमाने याच पट्ट्यातून जातात. बांध आपला, वाट सगळ्यांची. या प्रयोगात भारताची खरी ताकद विमाने उडवणाऱ्यापेक्षा वाट दाखवणाऱ्याची आहे.

पहिल्या पायरीला भोवऱ्याजवळ जाण्याची गरजही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि प्राधिकरणाने हिंदी महासागरावर, वर-खाली तीनशे मीटरचे आजचेच अंतर कायम ठेवून, दोन विमाने ठरल्या मिनिटाला एका बिंदूवर आणण्याची चाचणी घ्यावी, जशी अटलांटिकवर झाली. त्यासाठी नवे विमान नको, नवा कायदा नको. नियंत्रण कक्षातील आज्ञावलीत भर आणि दोन कंपन्यांची तयारी लागेल. प्रवाशाला काही जाणवणारही नाही. भेट किती वेळा वेळेवर झाली आणि किती वेळा हुकली, हा आकडा हाती आला की अंतर कमी करण्याच्या नियमांवर बोलता येईल. ते नियम आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेत ठरतील तेव्हा स्वतःच्या समुद्रावरची मोजणी हातात असलेला देश टेबलाशी बसेल, नसलेला मागच्या रांगेत. आणि इथली मागची रांग पट्टकदंबांच्या रांगेसारखी नाही, तिथे बसून काही वाचत नाही.